चित्रांतलें खडबडीत लांकूड

श्रोतेहो, नवें घर हल्लीं प्रथम संगणकाच्या पडद्यावर उभें राहतें. वास्तुशिल्पज्ञ आपणांस दिवाणखाना दाखवितो. त्यांत भिंतीवर करवतीनें कापलेल्या, रंधा न मारलेल्या सागाच्या फळ्या दिसतात. त्या पाहून आपण होकार देतों व पैसे मोजतों. म्हणून तें चित्र म्हणजे एक प्रकारें दिलेला शब्दच होय. तो खरा कसा ठरावा, तें आज पाहूं.

लांकडाचें छायाचित्र फळीवर चिकटविलें, तर तें भिंतीवरील कागदासारखें भासतें. खडबडीतपणा डोळ्यांस कळतो तो छायेमुळें. तिरपा उजेड आला म्हणजे करवतीच्या प्रत्येक चरीची बारीक सावली पडते. समोरून उजेड आला कीं तीच फळी गुळगुळीत वाटते. छायाचित्रांतली सावली मात्र, दिवा कोठेंही ठेवा, जागची हलत नाहीं.

यावर जेम्स ब्लिन यांनीं १९७८ सालीं तोड काढिली. पृष्ठभाग सपाटच ठेवावयाचा, पण उजेडाचा हिशेब करतांना प्रत्येक बिंदु किंचित कललेला आहे असें धरावयाचें. त्यासाठीं बहुधा एक करडें चित्र देतात : पांढरें तें उंच, काळें तें खोल. मग उजेडाबरोबर छायाही पालटते. फळीची कड मात्र सरळच राहते. जवळून दिसणाऱ्या तुळईची कड ओबडधोबड हवी असेल, तर पृष्ठभाग खरोखरच वर-खालीं हलवावा लागतो, आणि त्यास संगणकाचा वेळ अधिक लागतो.

दुसरी अडचण टोंकाची. फळीच्या अंगावर रेषा लांबीनें धांवतात. कापलेल्या टोंकावर मात्र वार्षिक वर्तुळांचे कंस दिसले पाहिजेत. केन पर्लिन आणि डार्विन पीची यांनीं १९८५ सालीं, एकमेकांपासून स्वतंत्रपणें, असा मार्ग मांडला कीं नक्षी वरून न गुंडाळतां गणितानें सबंध ठोकळ्याच्या आंतच भरावी. अक्षाभोंवतीं वर्तुळें कल्पून तीं थोडीं वेडींवांकडीं केलीं, म्हणजे ठोकळा कसाही कापला तरी रेषा जुळतात.

सर्वांत सामान्य दोष पुनरुक्तीचा. एकच गांठ दर चौथ्या फळीवर दिसूं लागली कीं भ्रम मोडतो. यास्तव प्रत्येक फळीसाठीं नक्षीचा निराळा भाग घ्यावा, छटा किंचित बदलावी, आणि नक्षीचें माप खऱ्या फळीच्या रुंदीशीं जुळवावें. चकाकीही बेताचीच असावी, कारण खडबडीत अंगावर उजेड विखुरतो.

तेव्हां श्रोतेहो, होकार देण्यापूर्वीं दोन गोष्टी अवश्य मागाव्या. उजेडाची दिशा बदलून तेंच चित्र पुन्हां पाहावें, आणि खऱ्या फळीचा एक तुकडा हातांत घेऊन पडद्याशेजारीं धरावा. आपणांस राहावयाचें आहे तें त्या तुकड्याच्या सहवासांत.