थोरांचे दर्शन आणि थोरांचा शेजार

(कामठी येथे मंडळाच्या वार्षिक संमेलनात केलेले भाषण)



‘थोर माणसे नित्याच्या व्यवहारात कशी असतात’ या विषयावर चार शब्द बोलावेत, अशी चालकांची आज्ञा झाली. आम्ही थोरांच्या सहवासात वावरलेले गृहस्थ नव्हेत. शाळामास्तरकीत आयुष्य गेले. मात्र समारंभाच्या पाहुण्यांना स्टेशनावरून आणणे आणि पुन्हा गाडीत बसवून देणे हे काम बहुधा आमच्याच गळ्यात पडे. त्या अनुभवावरून एवढे निश्चित सांगता येईल, की व्यासपीठावरचा मनुष्य आणि टांग्यातला मनुष्य हे पुष्कळदा दोन असतात. समतेवर दीड तास अस्खलित बोललेल्या एका विद्वानांनी परतीच्या वाटेवर टांगेवाल्याशी एका रुपयाकरिता घातलेली हुज्जत आम्ही ऐकलेली आहे. उलट, एक वयोवृद्ध गायक मध्यरात्री उतरले. चिटणिसांच्या घरचे पक्वान्नाचे ताट बाजूला ठेवून आमच्या स्वयंपाकघरात पाटावर बसले, पिठले-भाकरी मागून घेतली आणि निघताना आमच्या मातोश्रींना त्यांचे नाव विचारले. आमच्या घरी येणाऱ्या पाहुण्यांपैकी तिचे नाव विचारणारे ते पहिलेच, असे ती पुढे कित्येक वर्षे सांगत असे.

अशा गोष्टी पुष्कळ सांगता येतील आणि त्या ऐकावयास गोडही लागतात. तथापि त्या सांगताना गोष्टीचा नायक थोर पुरुष न राहता हळूहळू सांगणाराच होऊन बसतो, हे आमच्या ध्यानात आले आहे. ‘अमुक साहेब आमच्या घरचा चहा प्याले’ या वाक्यात साहेबांविषयी फारसे काही नसते. म्हणून आज आम्ही आमच्या भेटींविषयी अधिक न बोलता एका न झालेल्या भेटीविषयी बोलणार आहोत.

आमचे आजोबा एक वही ठेवीत असत. तिच्यात घरखर्चाच्या हिशेबामागे, शेवटच्या काही पानांवर, त्यांनी पाहिलेल्या थोर व्यक्तींची नोंद आहे. पहिली नोंद डिसेंबर १९२० ची आहे. नागपुरास राष्ट्रसभेचे अधिवेशन भरले होते आणि असहकाराच्या ठरावावर तेथे शिक्कामोर्तब व्हावयाचे होते. आजोबा त्या वेळी विशीच्या आतबाहेर असतील. कामठीहून नागपूर पाच कोस. ते चार सोबत्यांसह पायी गेले आणि गांधीजींना दुरून पाहून परत आले. गर्दी फार होती आणि घोंगडी हरवली, याखेरीज त्या दर्शनाविषयी वहीत काही नाही. पुढे कीर्तनकार आहेत, संस्थानिक आहेत, आणि छावणीतल्या एका गोऱ्या कर्नलाच्या घोड्याचे वर्णन तर कर्नलापेक्षाही सविस्तर आहे. आमची कामठी ही १८२१ साली वसलेली लष्करी छावणी, तेव्हा घोड्यांचे अप्रूप स्वाभाविकच म्हणावयाचे.

ही वही आम्ही लहानपणापासून अभिमानाने पाहत आलो. काही वर्षांपूर्वी एका सायंकाळी ती चाळताना आम्ही मे १९३२ चे पान उघडले. ७ मे १९३२ रोजी याच कामठीत अखिल भारतीय दलित वर्ग परिषद भरली होती. मुनिस्वामी पिल्ले अध्यक्ष होते आणि डॉ. बाबासाहेब आंबेडकर गोलमेज परिषदेच्या दोन बैठकी गाजवून आलेले होते. ज्यांची चर्चा विलायतेतील वृत्तपत्रे करीत होती, ते गृहस्थ आमच्या गावात उतरले होते. आजोबा त्या दिवशी गावातच होते, कारण त्या तारखेस त्यांच्याच अक्षरात आत्याच्या लग्नातील डाळ, तूप आणि भाड्याची भांडी यांचा हिशेब आहे. मागची पाने पाहिली. तेथे ते नाव नाही. थोरांच्या दर्शनासाठी पाच कोस पायी जाणारा मनुष्य चार गल्ल्या ओलांडून गेला नाही.

मग आम्ही दुसरे एक नाव शोधू लागलो. तेही सापडले नाही. ते नाव बाबू हरदास एल. एन. यांचे.

त्यांचे पूर्ण नाव हरदास लक्ष्मणराव नगराळे. जन्म कामठीचा, ६ जानेवारी १९०४. वडील रेल्वेत कारकून. नागपूरच्या पटवर्धन हायस्कुलात त्यांचे शिक्षण झाले. सतरा वर्षांचे असताना त्यांनी ‘महारठ्ठा’ नावाचे साप्ताहिक काढले. कामठीत रात्रशाळा चालविल्या, संत चोखामेळ्याच्या नावाने ग्रंथालय काढले, स्त्रियांसाठी आश्रम काढला. विडी कामगारांची संघटना बांधली. पाने भिजवून, कातरून, दिवसभर मांडी मोडून हजारांच्या हिशेबाने विड्या वळणारी ही माणसे. सायंकाळी त्यांतल्या किती विड्या खराब म्हणून बाजूला निघतील आणि मजुरी किती कापली जाईल, हे सर्वस्वी मोजून घेणाऱ्याच्या मर्जीवर असे. गोलमेज परिषदेच्या वेळी अस्पृश्यांचे खरे प्रतिनिधी आंबेडकरच, असे ब्रिटिश पंतप्रधान मॅकडोनल्ड यांस तारेने कळविणाऱ्यांत हे कामठीकर तरुण होते. १९३७ साली ते स्वतंत्र मजूर पक्षाच्या वतीने मध्यप्रांताच्या कायदेमंडळात निवडून गेले. १२ जानेवारी १९३९ रोजी क्षयाने त्यांचा अंत झाला. वय अवघे पस्तीस.

थोर पुरुष नित्याच्या भेटीत कसे असतात, हा आजचा विषय. या पुरुषाने तर दोन माणसांच्या नित्याच्या भेटीचाच विचार केला होता! वाटेत भेटल्यावर प्रथम काय म्हणावे, हा तो विचार. महार मंडळींच्या वाट्यास पिढ्यान्‌पिढ्या ‘जोहार मायबाप’ आलेला. तो शब्द उच्चारताना मान आपोआप खाली जाई आणि समोरच्याने उलट काही म्हणावे अशी अपेक्षाही नसे. हरदासांच्या चरित्रकारांनी लिहिले आहे, की मुसलमान बांधवांचा सलाम आणि त्यास मिळणारे बरोबरीचे उत्तर त्यांच्या मनात भरले. विणकर मुसलमानांच्या वस्तीशेजारी वाढलेल्या माणसाला हे सुचावे, यात आम्हांस कामठीची माती दिसते. एकाने ‘जयभीम’ म्हणावे, दुसऱ्याने ‘बलभीम’ म्हणून उत्तर द्यावे, अशी त्यांची मूळ योजना होती. पुढे दोन्ही बाजूंनी ‘जयभीम’च रूढ झाले. आज ते साऱ्या देशात ऐकू येते. २०२१ साली तर त्याच नावाचा तमिळ चित्रपट निघाला. आमच्या नातवाने तो पाहिला आणि हे शब्द कोठून आले म्हणून विचारले. ‘आपल्या कामठीतून’, असे सांगितल्यावर त्याचा विश्वास बसला नाही.

तेव्हा हरदास स्वभावाने कसे होते, हसत कसे, रागावत कसे, वाटेत थांबून बोलत की घाईने पुढे जात, हे आम्ही कामठीचे तीन पिढ्यांचे रहिवासी असूनही आपणांस सांगू शकत नाही. आमच्या घरात कोणी पाहिलेच नाही. पाहिले असेल, तर नोंदण्यासारखे वाटले नाही. आजोबांस बोल लावणे सोपे आहे. परंतु आमच्याकडे वर्तमानपत्र टाकणारे गृहस्थ बावीस वर्षे रोज सकाळी ‘जयभीम, सर’ म्हणत आले आणि आम्ही बावीस वर्षे ‘नमस्कार’ म्हणत आलो, हेही आजच सांगून टाकणे बरे. गेल्या पावसाळ्यात एकदा आम्ही ‘जयभीम’ म्हटले. ते क्षणभर सायकलवर तसेच थांबले, मग हसून पुढे गेले. आम्हांस मात्र इतका वेळ का लागला, याचे उत्तर अजून देता येत नाही.

शेवटी मंडळींस एक विनंती आहे आणि ती काहींस रुचणार नाही. विड्यांच्या कारखान्यांत मोजून घेणारे मुनीम, हिशेबनीस बहुतांशी कोण होते, हे या सभागृहात बसलेल्या वडीलधाऱ्यांना ठाऊक आहे. आपल्यापैकी काही घरांत माळ्यावर त्या काळच्या चोपड्या असतील. त्यांत कामगारांची नावे असतील, कापलेल्या मजुरीचे आकडे असतील. कदाचित संघटनेच्या वतीने भांडावयास आलेल्या त्या तरुणाचाही उल्लेख असेल. त्या रद्दीत घालू नयेत. मंडळाच्या कार्यालयात आणून द्याव्यात. आमच्या आजोबांची वही आम्ही कालच तेथे ठेवली आहे, मे १९३२ च्या त्या पानासकट.