कूळ, कायदा आणि आमदार : कॉम्रेड बी. व्ही. कक्किल्लाय यांचे कार्य

(बंगळूर येथील भाषणाचा मजकूर)

बंगळूरच्या विधानसौधावर ‘सरकारचे काम म्हणजे देवाचे काम’ अशा अर्थाची कन्नड अक्षरे कोरलेली आहेत. १९५६ साली पूर्ण झालेल्या या भव्य वास्तूत कष्टकऱ्यांचे काम किती झाले, हे मात्र तिच्या दगडांवरून कळत नाही. ते सभागृहाच्या आतील संघर्षावरून आणि त्याहूनही अधिक खेड्यांतील जमिनीच्या नोंदींवरून तपासावे लागते. ज्या सभागृहात आपले तीनच प्रतिनिधी असतात, तेथे कम्युनिस्ट आमदाराने काय करावयाचे? कॉम्रेड बी. व्ही. कक्किल्लाय यांच्या जीवनाकडे हाच प्रश्न समोर ठेवून पाहिले पाहिजे.

त्यांचा जन्म १९१९ साली कासरगोडजवळील बेविंजे येथे झाला. कासरगोड तालुका त्या काळी मद्रास इलाख्याच्या दक्षिण कानडा जिल्ह्यात मोडत असे. मंगळूरच्या महाविद्यालयात शिकत असतानाच ते स्वातंत्र्यलढ्यात ओढले गेले आणि तेथून कम्युनिस्ट चळवळीत आले. याच तालुक्यातील कय्यूरच्या चार शेतकरी कार्यकर्त्यांना २९ मार्च १९४३ रोजी कण्णूरच्या तुरुंगात फाशी देण्यात आली. जमिनीचा प्रश्न हा जीवनमरणाचा प्रश्न असतो, हे त्या पिढीला पुस्तकातून शिकावे लागले नाही.

१९५२ साली मद्रास राज्यातून ते राज्यसभेवर निवडून गेले आणि १९५४ पर्यंत तेथे होते. भाषावार प्रांतरचना आणि कर्नाटकाचे एकीकरण या मागण्यांचा त्यांनी हिरिरीने पुरस्कार केला. १ नोव्हेंबर १९५६ रोजी कन्नड भाषकांचे राज्य झाले, पण त्यांची जन्मभूमी असलेला कासरगोड तालुका त्याच दिवशी केरळात गेला. संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यातून गेलेल्या आणि सीमाभागाची वेदना जाणणाऱ्या मराठी वाचकांना या घटनेतील मर्म वेगळे सांगावयास नको. राज्याची सीमा कोठेही पडो, कुळाच्या मानेवरील जू तेवढ्याने उतरत नाही. म्हणूनच त्यांचे पुढील कार्य कुळांच्या प्रश्नाशी बांधले गेले.

दक्षिण कानड्यातील जमीनव्यवस्थेत ‘मूलगेणी’ आणि ‘चालगेणी’ असे कुळांचे दोन मुख्य प्रकार होते. मूलगेणीदाराचा हक्क कायमचा असे. चालगेणीदार मात्र मालकाच्या मर्जीवर जगे. खंड बहुधा धान्यात भरावयाचा आणि पावती मिळेलच अशी खात्री नाही. पिढ्यान्‌पिढ्या नांगर धरूनही हातात कागद नाही, अशी त्याची अवस्था होती. १९६१ च्या भूसुधारणा कायद्याने स्वतः कसण्याच्या नावाखाली जमीन परत घेण्याची वाट मालकाला मोकळी ठेवली होती.

महाराष्ट्राचा अनुभव याहून फारसा निराळा नव्हता. १ एप्रिल १९५७ हा ‘कृषक दिन’ ठरला आणि कूळ कायद्यान्वये कसणारा मालक मानला गेला. परंतु त्याच वर्षी प्रसिद्ध झालेल्या वि. म. दांडेकर आणि खुदानपूर यांच्या पाहणीने दाखवून दिले की, कायद्याच्या पुस्तकात संरक्षण असूनही प्रत्यक्षात जमिनी कुळांच्या हातून निसटत होत्या. ‘राजीखुशीने’ दिलेले राजीनामे किती खुशीचे असतात, हे कुळालाच ठाऊक असते.

१९७२ च्या निवडणुकीत कॉम्रेड कक्किल्लाय बंटवाळमधून विधानसभेवर निवडून आले. २१६ जागांच्या त्या सभागृहात पक्षाचे सदस्य तीन, तर काँग्रेसचे १६५. मुख्यमंत्री होते देवराज अर्स. सत्ताधारी पक्षातही जमीनमालकांचे वजन काही कमी नव्हते. अशा वेळी मतांच्या बेरजेने काही साधणार नव्हते. कायद्यातील पळवाटा नेमक्या कोठे आहेत हे गावातून शिकून सभागृहात मांडणे आणि सभागृहात मिळाले ते गावात वसूल करणे, हाच मार्ग होता. भूसुधारणेच्या घडणीत आणि अंमलबजावणीत कॉम्रेड कक्किल्लाय यांनी हे काम केले.

सुधारलेला कायदा १ मार्च १९७४ पासून अमलात आला. कुळांकडील जमीन सरकारात निहित झाली. मालकाचा जमीन परत घेण्याचा हक्क, सैनिकांसारखे अपवाद वगळता, संपला. तालुक्यांत भूमी न्यायाधिकरणे स्थापन झाली. त्यांवर महसूल अधिकाऱ्याबरोबर बिनसरकारी सदस्य होते आणि त्यांत अनुसूचित जाती-जमातींना स्थान होते. वकिलांना तेथे उभे राहण्यास मनाई होती. ज्याच्याजवळ कागद नाही, पण ज्याचा नांगर शेजाऱ्यांनी पाहिला आहे, अशा माणसाला आपल्या तोंडाने आपली बाजू मांडता आली. सात नंबरचा अर्ज हा त्या लढ्याचा कागद ठरला. अर्जाची मुदत वाढत वाढत ३० जून १९७९ पर्यंत गेली. राज्यभरात आठ लाखांच्या आसपास अर्ज आले.

परंतु हे अर्ज आपोआप भरले गेले नाहीत. मालकाच्या अंगणात वाढलेल्या कुळाला त्याच्याविरुद्ध सही अथवा अंगठा करावयास लावणे, यासाठी किसान कार्यकर्त्यांना दारोदार हिंडावे लागले. जेथे संघटना होती तेथे कूळ टिकले, जेथे नव्हती तेथे भीती जिंकली. कॉम्रेड कक्किल्लाय १९७८ साली विट्टलमधून पुन्हा निवडून आले, त्यामागे हे काम उभे होते.

या यशाच्या मर्यादाही नोंदविल्या पाहिजेत. सर्वाधिक लाभ किनारपट्टीच्या कूळबहुल जिल्ह्यांना झाला. मळ्यांच्या जमिनींना सूट राहिली. कमाल धारणेतून वाटपासाठी आलेली जमीन तुटपुंजी होती. भूमिहीन शेतमजुराला, विशेषतः दलिताला, राहत्या घराच्या जागेचा हक्क मिळाला, पण कसण्यासाठी शेत क्वचितच मिळाले. कूळ मालक झाले, पण मजूर मजूरच राहिला.

विधानसभेनंतरही कॉम्रेड कक्किल्लाय थांबले नाहीत. कन्नडमध्ये त्यांनी मार्क्सवादावर लेखन केले, आत्मचरित्र लिहिले. ४ जून २०१२ रोजी त्यांचे निधन झाले.

त्यांच्या मागे आठ वर्षांनी, २०२० साली, याच कायद्यातील ७९ अ आणि ७९ ब ही कलमे रद्द करण्यात आली. शेतकरी नसलेल्यांना आणि ठरावीक मर्यादेपेक्षा अधिक बिगरशेती उत्पन्न असलेल्यांना शेतजमीन घेण्यास असलेली बंदी त्यामुळे उठली. बंगळूरच्या वेशीवरील शेतकऱ्याला याचा अर्थ समजावून सांगण्याची गरज नाही. आमिष पैशाचे असते, पण एकदा गेलेली जमीन पैशाने परत येत नाही.

कॉम्रेड्स, विधिमंडळात मिळविलेला हक्क विधिमंडळातच काढून घेतला जाऊ शकतो. त्याचे रक्षण गावातील संघटनेनेच होते. तीन सदस्यांच्या गटाला मोठ्या सभागृहात वजन आले, ते बाहेर उभ्या असलेल्या कुळांमुळे. कॉम्रेड कक्किल्लाय यांचे स्मरण करावयाचे तर आपापल्या तालुक्यात कोणाची जमीन कोणाकडे चालली आहे याची नोंद घेण्यापासून सुरुवात करावी आणि ज्या मजुराला त्या कायद्याने शेत दिले नाही, त्याचा प्रश्न हाती घ्यावा.