आता बसून खा

(मुरुड येथे रात्रीच्या वर्गात केलेले भाषण)



तुम्ही आत आलात तेव्हा मी म्हणालो, "या, बसा." मी तुमच्या घरी आलो की तुम्हीही सतरंजी झटकता आणि म्हणता, "बसा गुरुजी." बसायला सांगणे हा आपल्याकडे मान आहे. घरातल्या वडीलधाऱ्या माणसाला आपण म्हणतो, "लई कष्ट केले. आता बसून खा." हा जणू आपला आशीर्वादच आहे. आज मी या आशीर्वादाबद्दल बोलणार आहे. कारण तो आमच्या घराला महागात पडला.

माझ्या थोरल्या भावाला आम्ही आण्णा म्हणतो. आण्णांनी ४० वर्षे शेती केली. पहाटे उठायचे, बैलांना वैरण टाकायची, पायी शेतावर जायचे. खुरपायचे, पाण्याची दारे धरायची. दिवस मावळला की चालत घरी यायचे. अंगाने काटक. दवाखान्याची पायरी त्यांना माहीत नव्हती.

पुढे पोरे कर्ती झाली. बैल विकले, ट्रॅक्टर आला. मी शाळेतून निवृत्त झालो, त्या वर्षी मीच त्यांना म्हणालो, "आण्णा, आता बसून खा."

आण्णांनी माझे ऐकले. भाऊ शिकलेला आहे, तो बरोबरच सांगत असेल, असे त्यांना वाटले. सकाळी ओट्यावर, दुपारी पलंगावर, संध्याकाळी हॉटेलात. शेतावर जायचे तर नातवाच्या मोटारसायकलवर मागे बसून. सहाव्या वर्षी एका सकाळी त्यांच्या हातातली चहाची कपबशी खाली पडली. उजवा हात गेला, उजवा पाय गेला. अर्धांगवायू झाला.

डॉक्टरांनी तपासले. रक्तदाब वाढलेला होता. रक्तात साखर वाढलेली होती. आम्हाला काहीच ठाऊक नव्हते. नुसते बसल्यामुळेच हे झाले, असे डॉक्टर म्हणाले नाहीत. आण्णांना बिडी होती. जेवणात मीठही जास्त होते. पण अंग पहिल्यासारखे हलते असते, तर धोका पुष्कळ कमी झाला असता, असे ते म्हणाले.

मी विचारले, "पण साहेब, आण्णा तर बारीक आहेत. हे जाड माणसाचे दुखणे ना?"

आपल्यापैकी पुष्कळांची हीच चुकीची समजूत आहे. पुण्याच्या के. ई. एम. रुग्णालयात डॉक्टर चित्तरंजन याज्ञिक नावाचे मोठे संशोधक आहेत. त्यांनी आणि एका इंग्रज डॉक्टरांनी आपापले शरीर मोजून घेतले. उंचीच्या मानाने दोघांचे वजन अगदी सारखे होते. पण अंगातली चरबी मोजली, तर इंग्रज डॉक्टरांच्या अंगात १०० भागांत ९ भाग निघाली आणि आपल्या याज्ञिकांच्या अंगात २१ भाग! ही गोष्ट २००४ साली छापून आली. आपला माणूस वरून बारीक दिसतो, पण आत चरबी साठलेली असू शकते. म्हणून "मी काही जाड नाही," असे म्हणून कोणी गाफील राहू नये.

आता दुसरी गोष्ट ऐका. आपल्या एसटीत ड्रायव्हर असतो आणि कंडक्टर असतो. दोघे एकाच गाडीत, एकाच रस्त्याने जातात. यांच्यात जास्त दिवस धडधाकट कोण राहील?

लंडन शहरात जेरी मॉरिस नावाच्या डॉक्टरांना हाच प्रश्न पडला. तिथल्या बसगाड्या दुमजली. मुंबईत तुमच्यापैकी काहींनी तशी बस पाहिली असेल. ड्रायव्हर दिवसभर जागेवर बसून. कंडक्टर मात्र तिकिटे द्यायला सारखा वर-खाली. दिवसाला पाचशेच्या वर पायऱ्या तो चढायचा. डॉक्टरांनी हजारो कामगारांची माहिती गोळा केली आणि १९५३ साली ती छापली. कंडक्टर लोकांना हृदयाचे दुखणे कमी होत होते. त्या दुखण्याने लगेच मरण येण्याचे प्रमाण तर ड्रायव्हर लोकांपेक्षा जवळजवळ निम्मे होते. टपाल खात्यातही त्यांनी पाहिले. पायी टपाल वाटणारा पोस्टमन हा टेबलाशी बसणाऱ्या कारकुनापेक्षा सुखरूप होता.

असे का होते? आपण भाकरी खातो. तिची पोटात साखर होते आणि ती रक्तात येते. मांड्या, पोटऱ्या यांचे मांस चालू लागले की ती साखर ओढून घेते आणि कामाला लावते. बसून राहिलो की हे मोठमोठे गडी झोपी जातात. मग साखर रक्तातच रेंगाळते. चालताना पोटरी आवळते, सैल होते, आणि पायातले रक्त वर ढकलते. हृदयाला तेवढी मदत होते. हृदय हेही मांसाचेच आहे. त्याला रोज थोडे काम मिळाले, तर ते बळकट राहते.

बहिणींनो, तुम्ही म्हणाल, "गुरुजी, आम्ही कुठं बसतो? पाणी आहे, सरपण आहे, खुरपण आहे." खरे आहे. जी बाई दिवसभर राबते, तिला आणखी व्यायाम सांगणारा मी नाही. तिला पोटभर जेवण आणि विसावा पाहिजे. तिच्या कामातला थोडा वाटा बसलेल्या पुरुषाने उचलला, तर दोघांचेही भले होईल. पण शिवणयंत्रावर बसणारी बाई, दुकानाच्या गल्ल्यावर बसणारा माणूस, मोबाईल घेऊन पारावर बसणारा तरुण, आणि माझ्यासारखा पेन्शनवाला, यांनी मात्र जागे व्हावे.

किती चालावे? जागतिक आरोग्य संघटना सांगते, आठवड्याला निदान १५० मिनिटे. म्हणजे आठवड्यातले पाच दिवस रोज अर्धा तास. पाय जरा झपाझप पडावेत. बोलता यावे, पण गाणे म्हणता येऊ नये, एवढा दम लागावा. शिवाय एकाच जागी फार वेळ बसू नये. मी वर्तमानपत्राचे एक पान वाचले की उठतो, अंगणात फेरी मारतो, मग दुसरे पान. दुकानाला पायी जातो. मोटारसायकल पोराला देऊन टाकली.

मात्र चालताना छातीत दुखले, घेरी आली, तर थांबावे आणि डॉक्टरांना गाठावे. ३० वर्षांच्या पुढच्या प्रत्येकाने रक्तदाब आणि साखर तपासून घ्यावी. सरकारी आरोग्य केंद्रात ही तपासणी होते. गोळ्या चालू असतील, तर चालायला लागलो म्हणून त्या आपल्या मनाने बंद करू नयेत. आण्णांची तपासणी वेळेवर झाली असती तर, ही रुखरुख मला जन्मभर राहील.

आण्णा आता काठी घेऊन अंगणात चालतात. एक पाय ओढत चालतात. मी रोज सकाळी जातो. आता मी त्यांना "बसा" म्हणत नाही. म्हणतो, "चला आण्णा, लिंबापर्यंत जाऊन येऊ." पहिल्यांदा लिंबापर्यंत जायला आम्हाला पाऊण तास लागला होता. आता वीस मिनिटे लागतात.

त्या डॉक्टर मॉरिसांचे सांगायचे राहिले. ते स्वतःही व्यायाम करीत राहिले. २००९ साली वारले, तेव्हा त्यांचे वय ९९ वर्षे होते. तेवढे आयुष्य सगळ्यांना मिळेल, असे मी म्हणत नाही. पण जेवढे मिळेल, तेवढे आपल्या पायावर जावे.

बसून खाल्ले तर कुबेराची संपत्तीही पुरत नाही, असे आपली जुनी माणसे सांगत. शरीराचेही तसेच आहे. म्हणून आजपासून घरातल्या म्हाताऱ्या माणसाला "आता बसून खा" म्हणू नका. त्यांचा हात धरा आणि म्हणा, "चला, जरा शिवारात जाऊन येऊ."

मीही तुम्हाला फार वेळ बसवून ठेवले. उठा आता. सतरंज्या आपणच गोळा करू, आणि पायी घरी जाऊ.