महारोहिणीची चीर

ग्रेट ब्रिटनचा राजा दुसरा जॉर्ज १७६० साली अकस्मात मरण पावला. शवविच्छेदनात डॉ. फ्रँक निकोल्स यांना हृदयावरणात साकळलेले रक्त आणि हृदयातून निघणाऱ्या महारोहिणीला आतून पडलेली चीर आढळली. अशा चिरेतून रक्त रोहिणीच्या भित्तीत शिरते, तिचे थर विलग करीत पुढे सरकते आणि मूत्रपिंडांचा वा पायांचा रक्तपुरवठा तोडू शकते. तेव्हा या चोरवाटेचे तोंड बंद करणे, हेच उपचाराचे मर्म होय.

पूर्वी त्यासाठी छाती उघडावी लागे. १९८७ साली खार्किव्ह येथे निकोलाय व्होलोदोस यांनी दुखापतीने फुगलेल्या महारोहिणीत आतूनच नळी बसविली. १९९९ साली अमेरिका व जर्मनीतील वैद्यांनी हाच मार्ग चिरेसाठी वापरल्याचे अनुभव प्रसिद्ध केले. धातूच्या जाळीची, कापडाने मढविलेली मिटलेली नळी जांघेतील रोहिणीतून क्ष-किरणांच्या साहाय्याने वर नेतात. चिरेपाशी ती उमलते आणि रक्त मूळ मार्गाने वाहू लागते.

मात्र हृदयालगतच्या चढत्या भागातील चिरेवर अद्यापही बहुधा तातडीची खुली शस्त्रक्रियाच करावी लागते. म्हणून छातीत वा पाठीत एकाएकी उठलेली, फाटल्यासारखी कळ कोणीही अंगावर काढू नये.