निवृत्तांचे नगर आणि खेळाचे मैदान

नोकरीतून मोकळ्या झालेल्या माणसाला विश्रांती हवी असते, असा एक सर्वमान्य समज आहे. तो अर्धाच खरा आहे. विश्रांतीची हौस थोड्याच दिवसांत फिटते. मग उद्या सकाळी उठून करायचे काय, हा प्रश्न पुढे उभा राहतो. म्हणूनच जो निवृत्तांसाठी वसाहत वसवू पाहतो, त्याला घरांच्या आराखड्याआधी करमणुकीचा विचार करावा लागतो.

या विचाराचे एक प्रसिद्ध उदाहरण अमेरिकेतील अॅरिझोना राज्यात आहे. फिनिक्स शहराच्या वायव्येस, जेथे पूर्वी कापूस पिकत असे, तेथे १ जानेवारी १९६० रोजी ‘सन सिटी’ ही वसाहत खुली झाली. तिचे निर्माते डेल वेब हे मूळचे सुतार. पुढे ते मोठे कंत्राटदार झाले. उतारवयातील माणसे मुला-नातवंडांपासून दूर राहावयास जाणार नाहीत, अशी शंका तेव्हा अनेकांना होती. वेब यांनी तिचे उत्तर शब्दांनी दिले नाही. पाहुणे आले तेव्हा नमुन्याची पाच घरे उभी होती. पण त्यांच्याबरोबरच गोल्फचे मैदान, करमणूक केंद्र आणि दुकानेही तयार होती. पुढे होणार असलेली सोय सांगण्याऐवजी झालेली सोय दाखवली गेली. पहिल्या तीन दिवसांत सुमारे एक लाख माणसे ती पाहून गेली.

गोल्फचीच निवड का व्हावी? या खेळात धावाधाव नाही. चालणे भरपूर, आणि पाय थकल्यास लहान गाडीची सोय आहे. खेळाडूच्या कुवतीप्रमाणे त्याला सवलतीचे फटके मिळत असल्याने नवखा आणि मुरलेला एकत्र खेळू शकतात. चौघांची सोबत जमते; बोलावयास अवसर मिळतो. जो खेळत नाही त्यालाही खिडकीतून हिरवळ दिसते, आणि मैदानाकाठच्या भूखंडाला व्यापाऱ्याला भाव अधिक मिळतो. म्हणजे हे मैदान थोडे क्रीडांगण, थोडे उद्यान आणि थोडे दुकानही असते.

परंतु हिरवळीचा हिशेब पुढे द्यावा लागतो. अठरा छिद्रांच्या मैदानास शंभराहून अधिक एकर जमीन लागते, आणि वाळवंटात ती हिरवी राखावयाची तर पाणीही मुबलक लागते. शिवाय सगळेच रहिवासी गोल्फ खेळत नाहीत. २००६ नंतरच्या वर्षांत अमेरिकेत नव्याने उघडलेल्या मैदानांपेक्षा बंद पडलेली मैदाने अधिक भरली. ज्यांनी हिरवळीसाठी जादा दाम मोजले होते, त्यांच्यापैकी काहींच्या खिडकीबाहेर सुकलेले रान उरले.

तेव्हा घर पाहावयास जाणाऱ्याने मैदान किती सुंदर आहे हे पाहण्याआधी ते कोणाच्या मालकीचे आहे, हे विचारावे. सन सिटीत मैदाने आणि करमणूक केंद्रे रहिवाशांच्याच विनानफा संस्थेकडे आहेत. खेळो वा न खेळो, वार्षिक वर्गणी मात्र प्रत्येक घराला द्यावी लागते. दुसरा प्रश्न पाण्याचा. तिसरा सर्वांत महत्त्वाचा: साठाव्या वर्षी जे हवेसे वाटते, ते ऐंशीव्या वर्षी उपयोगी पडेल काय? पोहण्याचा तलाव, सुतारकामाची वा मातीकामाची शाळा, वाचनालय आणि पत्त्यांचा अड्डा ही स्थाने गुडघे थकल्यावरही माणसाला दार उघडून देतात.

आणखी एक गोष्ट कोणत्याही नकाशात दिसत नाही. एकाच वयाची माणसे एकत्र आली की त्यांचे हितसंबंधही एकवटतात. शेजारच्या पिओरिया गावातील शाळांसाठी कर्जरोखे उभारण्याचे प्रस्ताव पुढील काळात सन सिटीच्या मतांमुळे वारंवार फेटाळले गेले, आणि अखेर ही वसाहत त्या शाळाक्षेत्रातून वेगळी झाली. मुलांचा गलबला नसलेली शांतता विकत घेता येते. तिची किंमत मात्र कधीकधी शेजारच्या मुलांना द्यावी लागते.

उत्तम वसाहतीची कसोटी म्हणून मैदानांची संख्या मोजणे पुरेसे नाही. ज्या दिवशी रहिवाशाच्या हातातील काठी गोल्फची न राहता आधाराची होते, त्या दिवशीही त्याला बाहेर पडावयास एखादे ठिकाण आणि त्याची वाट पाहणारे चार सोबती उरतात काय, हे पाहावे. ज्याने हे आधी पाहिले, त्याने घर नीट निवडले.