भिंतीला धक्का न लावता
(मंडळाच्या वार्षिक स्नेहसंमेलनात केलेले भाषण)



आजच्या प्रसंगी दोन शब्द बोलण्याची आज्ञा मंडळाच्या चिटणीसांनी आम्हांस केली, तेव्हा विषय कोणता घ्यावा असा प्रश्न आमच्यापुढे उभा राहिला. आम्ही अवघे मॅट्रिक झालेले. सारी हयात प्राथमिक शाळेत मुलांना शिकविण्यात गेली. तत्त्वज्ञान किंवा अर्थशास्त्र यांवर अधिकाराने बोलावे अशी आमची योग्यता नाही. म्हणून आमच्या स्वतःच्या घरात गेल्या वर्षी जे घडले, तेच आपणांपुढे मांडावयाचे आम्ही ठरविले आहे. विषय वरवर पाहता अगदी लहान आहे. घरातील वाढत्या वयाच्या मुलाची किंवा मुलीची खोली, भिंतीला रंगाचा कुंचला न लावता आणि खिशाला न परवडणारा खर्च न करता, नीटनेटकी व तिला आपली वाटेल अशी कशी करावी, एवढाच हा विषय आहे.

आपल्या ज्ञातीतील बहुसंख्य कुटुंबे आज नोकरीनिमित्त मुंबई, ठाणे, पुणे अशा शहरांत भाड्याच्या घरांत राहतात. महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ अन्वये असा करार लेखी व नोंदणीकृत असावा लागतो. हा करार बहुधा अकरा महिन्यांचा असतो, आणि भिंतींस खिळा ठोकू नये, रंग बदलू नये, अशी अट त्यात पुष्कळदा असते. मालकाचीही यात चूक आहे असे आम्ही म्हणत नाही. परंतु ज्या घरात मुलाची आठवी, नववी, दहावी व्हावयाची, त्या घराच्या भिंतीवर त्याच्या आवडीची एकही खूण नसावी, हे त्या वयास फार जड जाते.

आमचे चिरंजीव ठाण्यास भाड्याच्या घरात राहतात. आमची नात चौदा वर्षांची, नववीत शिकणारी. आम्ही गेल्या वर्षी त्यांच्याकडे राहावयास गेलो, तेव्हा आतील लहान खोली तिला दिलेली आम्ही पाहिली. चार पांढऱ्या भिंती, एक लोखंडी कपाट, एक पलंग, आणि कोपऱ्यात दोऱ्या न सोडलेली तीन खोकी. घर बदलून वर्ष झाले होते, तरी खोकी उघडलेली नव्हती. आम्ही कारण विचारले, तेव्हा ती म्हणाली, "आजोबा, हेही घर सोडायचंच आहे ना? मग कशाला मांडायचं?"

पुढे सूनबाईंकडून सारी हकीकत समजली. आधीच्या घरात मुलीने चिकटपट्टीने काही चित्रे भिंतीस लावली होती. घर सोडताना ती ओढून काढली, तेव्हा रंगाचे पापुद्रे निघून आले आणि मालकाने अनामत रकमेतून आठ हजार रुपये कापून घेतले. चिरंजीव तिला त्या वेळी पुष्कळ बोलले. त्या दिवसापासून पोरीने भिंतीस बोट लावले नाही.

हे ऐकून आमच्या मनात चिरंजीवांना चार शब्द सुनवावे असे आले. पण ते शब्द ओठांवरच थांबले. याचे कारण सांगितल्यावाचून पुढे जाणे अप्रामाणिकपणाचे होईल.

२००१ सालच्या मार्च महिन्यात कोलकात्याच्या कसोटी सामन्यात लक्ष्मण आणि द्रविड यांनी पाचव्या गड्यासाठी ३७६ धावांची भागी केली, हे येथील पुष्कळांस स्मरत असेल. चिरंजीव तेव्हा सोळा वर्षांचे असून त्यांची दहावीची परीक्षा चालू होती. वर्तमानपत्रात आलेले त्या दोघांचे छायाचित्र कापून त्यांनी आमच्या चाळीतल्या खोलीच्या भिंतीस खळीने चिकटविले. आम्ही शाळेतून आलो आणि ते टरकावून काढले. भिंतीचा चुनाही त्याबरोबर निघाला. "ही भिंत तुझ्या मालकीची नाही," असे आम्ही त्यांस बजावले. त्यानंतर चिरंजीवांनी त्या भिंतीवर कधी काही लावले नाही, आणि आम्हांस ते शिस्तीचे लक्षण वाटले. परक्यांच्या मुलांची चित्रे वर्गाच्या फळ्यावर कौतुकाने लावणारा शिक्षक स्वतःच्या मुलाच्या बाबतीत असा वागला. जे आम्ही पेरले तेच नातीच्या वाट्यास आले होते.

तेव्हा आम्ही चिरंजीवांस उपदेश करण्याचे टाळले आणि नातीस म्हटले, "तीन हजार रुपयांत, भिंतीला धक्का न लावता, ही खोली तुझी करावयाची. हिशेब तू लिहावयाचा." मे महिन्याच्या सुट्टीचे पंधरा दिवस आम्ही दोघांनी यात घालविले. त्यातून जे शिकलो ते क्रमाने सांगतो.

पहिली गोष्ट, काही आणण्यापूर्वी काही काढावे. खोकी उघडल्यावर निम्म्याहून अधिक वस्तू लहानपणच्या, वापरात नसलेल्या निघाल्या. त्या योग्य ठिकाणी दिल्या. लोखंडी कपाट बाहेरच्या भिंतीस अगदी टेकून होते. ते चार बोटे पुढे घेतले. पावसाळ्यात भिंत ओलावते आणि मागे हवा खेळली नाही म्हणजे बुरशी धरते. केवळ पलंग फिरवून खिडकीखाली मेज आणल्याने खोली निराळी दिसू लागली, आणि यास एक पैसाही पडला नाही.

दुसरी गोष्ट प्रकाशाची. माथ्यावरील एकाच शुभ्र दिव्याने खोली कचेरीसारखी दिसते. दिव्याच्या वेष्टनावर केल्व्हिनचा आकडा छापलेला असतो. ६५०० म्हणजे थंड पांढरा प्रकाश आणि २७०० म्हणजे पूर्वीच्या तारेच्या दिव्यासारखा पिवळसर. आम्ही मेजावर ठेवण्याचा एक दिवा आणि ९ वॅटचा पिवळसर एलईडी बल्ब घेतला. उजव्या हाताने लिहिणाऱ्यास प्रकाश डावीकडून यावा, म्हणजे हाताची सावली अक्षरावर पडत नाही. डावखुऱ्यास याच्या उलट. हे आम्ही वर्गात वर्षानुवर्षे सांगत आलो, पण घरी कधी तपासले नव्हते! विजेच्या रंगीत माळा लावावयाच्या असतील तर वायर सोललेली नाही हे पाहावे आणि निजताना त्या बंद कराव्यात.

तिसरी गोष्ट कापडाची. भिंतीचा रंग बदलता येत नसेल तर रंग कापडाने आणावा. सूनबाईंची एक जुनी सुती साडी साडेपाच मीटर लांब होती. तिचे चार सारखे तुकडे केले. प्रत्येक तुकडा सुमारे ५४ इंच उंच आणि ४५ इंच रुंद झाला. दुमडीस सहा इंच गेले तरी साडेतीन फूट उंचीच्या दोन खिडक्यांना प्रत्येकी दोन याप्रमाणे चुणीदार पडदे निघाले. पडद्यासाठी खिळ्यांची गरज नाही. खिडकीच्या चौकटीत दोन्ही बाजूंनी दाबून बसणारे स्प्रिंगचे दांडे बाजारात मिळतात. पलंगावर आमच्या कुटुंबाने शिवलेली गोधडी घातली. ती इतकी वर्षे माळ्यावर गुंडाळून पडली होती.

चौथी गोष्ट चित्रांची, आणि खरी अडचण येथेच होती. भिंतीवर चिकटवावयाचे आकडे व पट्ट्या मिळतात. परंतु लावण्यापूर्वी तळहात भिंतीवर घासून पाहावा. हातास पांढरी भुकटी लागली तर तो चुना किंवा हलका डिस्टेंपर समजावा. तेथे पट्टी टिकत नाही आणि निघताना रंग घेऊन निघते. तैलरंगाचा दरवाजा, काच, फरशी यांवर मात्र ती चांगली धरते. काढताना झटका देऊ नये. वेष्टनावरील सूचना वाचून सावकाश काढावी. केस वाळविण्याच्या यंत्राची गरम हवा थोडा वेळ दिली असता डिंक मऊ होतो.

आमच्या भिंतीने हाताला भुकटी लावली, म्हणून आम्ही भिंतीचा नाद सोडला. आपल्या जुन्या वाड्यांत कोनाडे, देवळ्या, फडताळे आणि खुंट्या भिंतीतच असत, त्यामुळे खिळा ठोकण्याचे कारण क्वचितच पडे. नव्या घरात खुंटी नसली तरी खिडकीचे गज आहेत. गजापासून पलंगाच्या उंच माथ्यापर्यंत सुतळी बांधून तीवर लाकडी चिमट्यांनी छायाचित्रे टांगली. खोक्यांचे जाड पुठ्ठे तीन थर चिकटवून त्यावर दीड मीटर खण ताणून बसविला. तो फलक मेजावर भिंतीला टेकवून ठेवला, म्हणजे टाचण्या पुठ्ठ्यात जातात, भिंतीत नव्हे. आणि सर्वांत मोठा फलक तर घरातच उभा होता. लोखंडी कपाटाची मोकळी बाजू! तिला चुंबक लागतो हे विज्ञानाच्या पुस्तकात शिकवूनही आमच्या ध्यानी आले नव्हते; ते नातीने दाखवून दिले.

लावावयाचे काय, हाही प्रश्न होता. छापील चित्रे महाग पडत होती. तेव्हा आम्ही तिला वारली चित्रकलेची माहिती सांगितली. वारली स्त्रिया लग्नप्रसंगी गेरूने सारविलेल्या भिंतीवर तांदळाच्या पिठाच्या पांढऱ्या रंगाने चौक लिहीत आल्या. डहाणू तालुक्यातील गंजाडचे जिव्या सोमा म्हसे यांनी ही कला कागदावर आणि कापडावर आणून देशोदेशी नेली; त्यांस २०११ साली पद्मश्री मिळाली. जी कला भिंतीवाचून राहणार नाही असे कोणासही वाटले असते, ती कागदावर तितकीच जिवंत राहिली. आम्ही वह्यांना घालावयाचा खाकी कागद आणला. त्याचा रंग मातीच्या भिंतीशी जुळता आहे. त्यावर पांढऱ्या रंगाने नातीने आमच्या गावची भातलावणी काढली. नांगरामागे चालणाऱ्या माणसाला तिने चष्मा काढला आहे, तो आमचा असावा.

आता हिशेब. तिच्याच वहीतून वाचतो. स्प्रिंगचे दांडे दोन, रुपये ५२०. पडद्यांची शिलाई २००. खण ३३०. दिवा व बल्ब ५९०. खाकी कागद, रंग आणि कुंचला २१०. चुंबक, सुतळी व चिमटे १८०. आंब्याच्या लाकडी पेट्यांचे पुस्तकांचे फडताळ केले, त्यास घासकागद आणि मेण १२०. एकूण रुपये २,१५०. शिल्लक ८५०.

ही शिल्लक स्वतःसाठी ठेव, असे आम्ही तिला सांगितले. तिने ते पैसे एका पाकिटात घालून वर लिहिले, 'घर सोडताना भिंतीला डाग निघाला तर.' बंधुभगिनींनो, ते अक्षर वाचून आम्हांस बराच वेळ बोलता आले नाही. आठ हजार रुपयांची कापणी चिरंजीव केव्हाच विसरले होते. मुलगी विसरली नव्हती.

ते पाकीट आम्ही चिरंजीवांस दाखविले. ते काही बोलले नाहीत. दुसऱ्या दिवशी कामावरून परतताना त्यांनी एक छापलेले छायाचित्र आणले. लक्ष्मण आणि द्रविड, तोच सामना. मुलीच्या दारात उभे राहून त्यांनी विचारले, "तुझ्या कपाटावर माझ्यासाठी जागा आहे का?" तिने एक चुंबक त्यांच्या हाती दिला. आम्ही शेजारीच बसलो होतो. चोवीस वर्षांपूर्वी आम्ही जे फाडले ते त्या दिवशी पुन्हा लागले. पाकिटावरील ओळ खोडून चिरंजीवांनी लिहिले, 'पुढच्या घरातील पडद्यांसाठी.'

सभागृहातील आईबापांस आमची विनंती एवढीच की, मुलाच्या खोलीचा, आणि खोली नसेल तर एका कोपऱ्याचा, विचार या दृष्टीने करावा. पलंगाची एक बाजू किंवा कपाटाचे एक दारही पुरते. विशेषतः मुलींच्या बाबतीत ही तर परक्या घरची, असे म्हणण्याची जुनी सवय आपल्यात अजून पुरती गेलेली नाही. मुलीला वडिलांच्या घरीही पाहुणी आणि भाड्याच्या घरीही पाहुणी करून ठेवू नये. शेजाऱ्याने सजावटीसाठी कर्ज काढले म्हणून आपणही काढावे, असे मात्र मुळीच नाही.

मंडळासही एक सूचना नम्रपणे करतो. गुणवंत विद्यार्थ्यांस आपण दरवर्षी पारितोषिके देतो, ती द्यावीतच. त्याबरोबर, ज्यांची मुले शिकून बाहेर पडली, त्यांच्या घरी मेजे, खुर्च्या, दिवे, पुस्तकांची फडताळे पडून असतात. त्यांची एक नोंदवही मंडळाच्या कचेरीत ठेवावी, आणि ज्या घरी आठवी-नववीचे मूल आहे त्या घरी ती वस्तू पोहोचवावी. यास निधी लागणार नाही, दोन उत्साही तरुण लागतील. पहिली नोंद आमची धरावी. आमचे लिहावयाचे सागवानी मेज आम्ही देऊ इच्छितो. त्याच्या खणात आतल्या बाजूस चिरंजीवांनी शाळकरी वयात आपले नाव कोरलेले आहे. तेव्हा आम्ही त्यांस शिक्षा केली होती. ज्यांच्या घरी ते मेज जाईल, त्यांनी ते नाव घासून काढू नये, आणि आपल्या मुलासही शेजारी नाव कोरू द्यावे.