छातीवरचा लाल दिवा

आज बचत, कर्ज, हप्ता यातलं काही बोलणार नाही. आज बोलायचंय जपानच्या जुन्या टीव्ही मालिकांबद्दल. हसू नका, शेवटी मी आपल्या गटापाशीच येणार आहे.

दिवाळीच्या सुट्टीतली गोष्ट. माझा मुलगा मोबाइलमध्ये डोकं घालून बसला होता. मोबाइल काढून घ्यायला गेले आणि मीच बघत बसले. लाल-चंदेरी अंगाचा एक अवाढव्य माणूस एका भल्यामोठ्या प्राण्याशी कुस्ती खेळत होता. पायाखाली इमारती काडेपेट्यांसारख्या मोडत होत्या. मालिकेचं नाव 'अल्ट्रामॅन'. १९६६ साली जपानमध्ये सुरू झालेली, ३९ भागांची.

माझ्या थोरल्या जाऊबाई शेजारी लसूण सोलत होत्या. त्या म्हणाल्या, "अगं, आमच्या लहानपणी दूरदर्शनवर असाच जायंट रोबोट यायचा." जपानमध्ये ती मालिका १९६७ची, आपल्याकडे ऐंशीच्या दशकात लागायची. एक लहान मुलगा हातातल्या घड्याळात बोलायचा की लोखंडाचा उंच रोबोट उडत यायचा. जाऊबाईंच्या आळीत एकच टीव्ही. त्या घराच्या ओटीवर सगळी पोरं दाटीवाटीनं बसायची आणि नंतर आठवडाभर मनगटाला तोंड लावून रोबोटला हाका मारायची. शेवटच्या भागात तो रोबोट पहिल्यांदाच मुलाचा हुकूम मोडतो. शत्रूच्या सम्राटाला उचलून आकाशात नेतो आणि उल्केवर आदळून स्वतःही संपतो. जाऊबाई म्हणाल्या, "त्या दिवशी मला जेवण गेलं नाही." चाळीस वर्षं होत आली, तरी सांगताना त्यांचा लसूण सोलणारा हात थांबला होता.

एवढी माया का लागते या मालिकांची? सगळं तर खोटं दिसतं. राक्षस रबराचा आहे, घरं खेळण्यातली आहेत, हे लहान पोरालाही कळतं. पण आपण नारायणगावच्या मुलखातल्या बाया. तमाशातल्या वगात एक माणूस डोक्याला मुकुट बांधतो, समोर फक्त एक खुर्ची असते, आणि आपल्याला दरबार दिसतो. सोंग आहे हे माहीत असून आपण रडतो. तसंच हे.

ही किमया करणाऱ्या माणसाचं नाव एइजी त्सुबुराया. १९५४च्या 'गॉडझिला' सिनेमातली किमयाही त्यांचीच. पोशाखात खरा माणूस घालायचा, त्याच्या गुडघ्याएवढ्या इमारती बांधायच्या. कॅमेऱ्यानं दर सेकंदाला नेहमीपेक्षा जास्त चित्रं टिपायची आणि दाखवताना नेहमीच्या गतीनं दाखवायची. मग माणसाचं साधं पाऊलसुद्धा सावकाश आणि जड दिसतं, डोंगर चालल्यासारखं. अल्ट्रामॅनच्या पोशाखात बिन फुरुया नावाचे नट होते. अंगाला चिकटलेलं रबर, वर दिव्यांचा उकाडा, डोळ्यांपुढे धड दिसत नाही, आणि तरी झुंज द्यायची. पडद्यावर मात्र त्यांचा चेहरा कधी दिसायचा नाही. घामानं निथळणारा माणूस आत, कौतुक वरच्या पोशाखाचं. आपल्याला हे वेगळं सांगायला नको.

पण मला सगळ्यात आवडला तो अल्ट्रामॅनच्या छातीवरचा दिवा. चाळीस मीटर उंचीचा हा वीर, पण पृथ्वीवर त्याची ताकद तीनच मिनिटं टिकते. आधी दिवा निळा असतो. ताकद सरत आली की लाल होऊन लुकलुकतो. दिवा विझला तर तो पुन्हा उठणार नाही, असं मालिकेत सांगतात. म्हणून बघणाऱ्याचा जीव वर-खाली होतो. ज्याची ताकद संपतच नाही, त्याची कशाला काळजी वाटेल?

हे पाहताना मला आमच्या गटातली एक ताई आठवली. गेल्या पौषात कांदा लागवड चालू असताना ती वाफ्यातच चक्कर येऊन पडली. रक्त तपासलं तर हिमोग्लोबिन आठ. बाईचं निदान बारा तरी हवं. तिला विचारलं, "आधी काही जाणवलं नाही का?" म्हणाली, "दम लागत होता, पाय ओढत होते. पण लागवड थांबते का?" दिवा महिनाभर लुकलुकत होता, मैत्रिणींनो. तिनं पदराखाली झाकला होता. आणि दर आठवड्याला बैठकीत तिच्या शेजारी बसून आम्हालाही तो दिसला नाही.

'अल्ट्रामॅन'चा शेवटचा भाग मुलानं मला मुद्दाम दाखवला. झेटॉन नावाच्या राक्षसासमोर अल्ट्रामॅन हरतो. दिवा विझतो, तो आडवा पडतो. मग राक्षसाला कोण मारतं? इतके दिवस त्याच्या भरवशावर असलेलं साध्या माणसांचं पथक पुढे येतं आणि स्वतःच्या शस्त्रानं राक्षस संपवतं.

आपल्याकडे याला जुना शब्द आहे, सावड. डोंगराकडच्या आदिवासी गावांत भातखाचरं बांधायला सगळे मिळून पडकई करतात, तीही हीच रीत. ताई पडली तेव्हा उरलेली लागवड आम्ही सहाजणींनी सावडीनं दोन दिवसांत उरकली. तिनं लोहाच्या गोळ्या सुरू केल्या, घरच्यांनी आठवडाभर तिला शेतात येऊ दिलं नाही. आज ती बरी आहे. पण सावड ती पडल्यावर झाली, पडायच्या आधी करता आली असती, ही टोचणी आहेच.

म्हणून आता आमच्या बैठकीत हजेरी झाली, पैसे मोजले की एक प्रश्न ठरलेला असतो. दिवा कोणाचा लाल आहे? पहिल्या वेळी सगळ्या हसल्या. दुसऱ्या वेळी एकीनं हळूच हात वर केला. तुम्हीही विचारून बघा. आणि पोरांच्या हातातला मोबाइल काढून घेण्याआधी एखाद दिवस शेजारी बसून बघा, काय बघतायत ते.

येते मी. नमस्कार.